नळीतली अरुंधती

“दिसली! दिसली वो माय!”

बाईच्या तोंडून हा शब्द निघायचा अवकाश, की सावद्याबाहेरचं ते मैदान टाळ्यांनी दणाणून जायचं. शंख फुंकला जायचा, ढोलावर टिपरू पडायचं, आणि बाईची सासू डोळ्यांना पदर लावून रडायची. मैदानाच्या मधोमध एक तिवई, तिवईवर वीतभर लांब पितळी नळी, आणि नळीशेजारी मखमली खुर्चीत नळीवाले महाराज. त्यांचं खरं नाव ऋषीनाथ की काय ते होतं, पण गावाने आपल्या सोयीचं ठेवलं होतं.

महाराजांचं बोलणं मोठं झोकात चालायचं.

“माताओ! ते बघा वर सप्तर्षी. पतंगाच्या शेपटीत तीन तारे, त्यातला मधला वसिष्ठ ऋषी. आणि त्यांच्या अंगाला चिकटून बारीक टिकलीएवढी अरुंधती माता! जिचं मन निर्मळ, तिला ती दर्शन देते. जिच्या पायगुणात खोट, तिच्याकडे पाठ फिरवते. उघड्या डोळ्यांनी दिसते ती माया हां, नळीतून दिसते ती खरी! आणि नळीत जादूबिदू काही नाही. पोकळ आहे! आतून फक्त सत्याचा वारा वाहतो.”

एवढं बोलून महाराज पेटती उदबत्ती नळीच्या एका तोंडातून घालत आणि दुसऱ्या तोंडातून काढत. लोक हात जोडत. मग ते मुठीतली विभूती नळीच्या डोळ्याकडच्या तोंडाला चोळत, काहीतरी पुटपुटत आणि म्हणत, “लाव बाळा डोळा.”

पोकळ नळीतल्या सत्याच्या वाऱ्याला विभूती कशाला लागते, हे विचारायचं मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिल्यांदा येणाऱ्या सुनांना बहुधा अरुंधती दिसायची नाही. मग महाराज ‘सेवा’ सांगत. अंधाऱ्या खोलीत राहायचं, एक वेळ जेवायचं, परपुरुषाचं तोंड पाहायचं नाही. सेवा करून आलेल्या सुनेला अरुंधती हटकून दिसायची. लोक ज्याला चमत्कार म्हणत होते तो हाच.

त्या संध्याकाळी रांगेत मयुरी उभी होती. सासू बेबाबाईंनी तिचं मनगट असं घट्ट धरलं होतं की बांगड्या रुतत होत्या. मागे सासरे पितांबरनाना आणि नवरा कुंदन. तीन तासांच्या वाटेवर माहेर, आणि हातातला फोन सासूच्या कमरेला. मयुरीला ठाऊक होतं, आपल्याला अरुंधती दिसणार नाही. नळीतून नाही, उघड्या डोळ्यांनी नाही, कशीच नाही. का दिसणार नाही तेही ठाऊक होतं. पण ते सांगायला तिला तोंड नव्हतं.

सगळं सुरू झालं लग्नातच. हल्ली लग्नं भर दुपारी लागतात. गुरुजी मांडवाच्या कापडाकडे बोट करून म्हणतात, “ती बघा अरुंधती,” नवरी म्हणते “दिसली,” आणि सगळे पंगतीला पळतात. मयुरीचं लग्न पडलं गोरज मुहूर्तावर. विधी आटपेपर्यंत खरोखरच काळोख झाला आणि हौशी गुरुजी जोडप्याला खरोखरच मांडवाबाहेर घेऊन गेले. “दिसली का?” दिवसभर प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणून दमलेल्या मयुरीच्या तोंडून एकदाच खरं निघून गेलं.

“नाही दिसत.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तिची आई लताबाई पुढे झाली, “दमलीये हो पोरगी,” म्हणून हसली आणि तिने मयुरीच्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

कारण मयुरीला आठवीपासून चष्मा होता. पावणेदोन नंबरचा. माहेरी चोपड्याला बघायचा कार्यक्रम ठरला तेव्हा आईने तो तिच्या नाकावरून काढून घेतला होता. “चष्मेवाली म्हटलं की दोन स्थळं परत गेली. आता लग्न होऊन वर्ष सरेपर्यंत चष्म्याचं नाव काढायचं नाही. काढलंस तर माझ्या गळ्याची शप्पथ आहे, माझं मेलेलं तोंड बघशील!”

मयुरीने बी.एस्सी. केलेलं. शपथ मोडल्याने कोणी मरत नाही हे तिला पुस्तकातलं माहीत होतं. पण आईच्या गळ्याची शपथ पुस्तकात कुठे असते? ती छातीवर येऊन बसते. बिचारी चष्म्याविना सासरी आली, कढईतलं तेल अंदाजाने तापवायला लागली, आणि लांबून येणाऱ्या पाहुण्याला ओळख पटेपर्यंत उगाचच हसून दाखवायला लागली.

पुढे मे महिन्यात वादळ आलं आणि निसवणीला आलेली, नुकतीच घड टाकू लागलेली नानांची केळीची बाग एका रात्रीत आडवी झाली. त्या रात्री शिवारातल्या सगळ्यांच्याच बागा पडल्या होत्या. फैजपूरपर्यंत पडल्या होत्या. त्या सगळ्या घरांत काही नव्या सुना आल्या नव्हत्या. पण बेबाबाईंना ते लग्नातलं ‘नाही दिसत’ आठवलं.

“मी मांडवातच म्हटलं व्हतं,” त्या शेजारणीला सांगायच्या, मयुरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “तुले काय सांगू, अरुंधतीनंच तोंड फिरवलं, मंग बाग कशी उभी राहीन?”

आणि म्हणून ती आज या रांगेत होती.

नंबर आला. महाराजांनी उदबत्ती घातली, काढली, विभूती चोळली. मयुरीने नळीला डोळा लावला आणि तिच्या पापण्या गार काचेला घासल्या.

क्षणभर तिला कळेना. पापण्यांना काच लागणं म्हणजे काय, हे चष्मेवाल्या माणसाला सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात घामाने चष्मा खाली घसरला की दिवसातून दहादा ते होतं. पण ही नळी तर पोकळ होती! आत्ताच तर तिच्यातून उदबत्ती गेली. तिने पुन्हा पापणी मिटून उघडली. काचच. आणि काचेपलीकडे सप्तर्षी नव्हतेच, पिठूळ उजेडाचे फराटे होते.

“दिसली का?”

“नाही,” मयुरी म्हणाली. नळीत काच आहे म्हणून सांगावं, तर पहिला प्रश्न येणार, तुला काय माहीत?

महाराज चुकचुकले. “अरेरे! हिची छाया फार जड आहे, माई. अमावास्येपर्यंत सेवेत ठेवा. त्यानंतरही दर्शन झालं नाही, तर हिला आमच्या आश्रमात आणून सोडा. सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या पुष्कळ सेवेकरणी आहेत. शुद्ध झाली की परत पाठवू.”

“कधी पाठवाल?” कुंदनने कसंबसं विचारलं.

“ते अरुंधती माता ठरवते,” महाराज म्हणाले. त्या आश्रमातल्या बायका पहाटेपासून पापड लाटतात, त्यांना मजुरी मिळत नाही आणि फाटकाची किल्ली महाराजांच्या शिष्याकडे असते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याला सेवा म्हणायचं, म्हणजे विषय संपतो.

मयुरीला मागच्या कोठीच्या खोलीत ठेवलं. वर पत्रा, खाली खताच्या गोण्या, भिंतीला ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, दाराशेजारी एरवी बंद असलेली गजांची खिडकी. मे महिन्यातला खानदेश. दुपारी पत्रा तडतडायचा आणि गोण्यांचा उग्र वास नाकात बसायचा. बाहेरून कडी. संध्याकाळी बेबाबाई ताट सरकवून जायच्या. त्या दुष्ट नव्हत्या. ताटात लोणचं आठवणीने वाढायच्या आणि कडी लावताना एकदा सुस्कारा टाकायच्या. पण कडी लावायच्याच.

कुंदन दाराशी येऊन उभा राहायचा. “थोडेच दिवस राहिले,” म्हणायचा.

“आणि त्यानंतर नाही दिसली तर?”

त्याच्या चपलांचा आवाज लांब जायचा.

तिची ट्रंकही याच खोलीत आणून टाकली होती, आणि ट्रंकेच्या तळाशी, पायमोज्यात गुंडाळलेला, तिचा चष्मा होता. आईची नजर चुकवून तिने तो आणला होता. पहिल्याच रात्री कडी लागल्यावर तिने तो काढला आणि घातला. भिंतीत वरती एक झरोका होता, उत्तरेला. गोण्यांवर चढून तिने बाहेर पाहिलं.

सप्तर्षी लख्ख. शेपटीतला मधला तारा. आणि त्याच्या अगदी जवळ, चांदणं असूनही, सुईच्या टोकाएवढी अरुंधती.

“दिसली,” मयुरी पत्र्याला म्हणाली, आणि तिथेच गोण्यांवर बसून हमसून हमसून रडली. जी दिसावी म्हणून कोंडलं, ती कोंडलेल्या खोलीतच दिसत होती. पण ते बाहेर सांगायचं तर चष्मा सांगावा लागणार, आणि चष्मा सांगितला की आईचा गळा.

एका दुपारी संघमित्रा आली. ही मयुरीची कॉलेजातली मैत्रीण, आता फैजपूरला विज्ञान शिकवायची. लग्नाला येता आलं नव्हतं, म्हणून भेटवस्तू घेऊन आली होती. मास्तरणीला दारातून परत कसं पाठवायचं, म्हणून बेबाबाईंनी तिला कोठीच्या खिडकीशी आणलं आणि स्वतः चहा टाकायला गेल्या.

संघमित्राने गजांतून आत पाहिलं आणि ती लालबुंद झाली. “हे काय आहे गं? आणि तुझा चष्मा कुठंय?”

“हळू!” मयुरीने भराभर सगळं सांगितलं. शपथ, नळी, आश्रम. पापण्यांना लागलेली काचही.

“काच?” संघमित्रा थबकली. “म्हातारी माणसं पेपर वाचायला लावतात, तसलं भिंग असणार. ते लावून लांबचं बघितलं तर चांगली नजरही धूसर होते. अरुंधती आधीच मिणमिणती, ती पुसलीच जाणार. आणि सेवा झाली की काच काढून टाकायची. एवढाच चमत्कार! पण तू सांगत का नाहीस?”

“आईच्या गळ्याची शप्पथ आहे गं.”

“मयुरे, अरुंधतीचा जो उजेड आज तुझ्या डोळ्यात येतो ना, तो तिथून निघून ऐंशी वर्षं झाली. तो निघाला तेव्हा तुझी सासूही जन्मली नव्हती. त्या ताऱ्याला तुझा पायगुण कळतो, असं म्हणणारा तिकडे मैदानात बसलाय. आणि तुझ्या एका शब्दाने चोपड्यात आईचा गळा धरला जातो, असं म्हणणारी तू इथे बसलीयस. तुझ्यात आणि त्याच्या भक्तांत फरक काय?”

मयुरीला हे फार लागलं. तिने खिडकीकडे पाठ केली.

“ओरड हवं तर माझ्यावर,” संघमित्रा म्हणाली. “पोलिसांत जायचं तर या गोष्टींसाठी कायदा आहे, मी येते सोबत. पण तोंड तुलाच उघडावं लागेल. अमावास्येला मी मैदानात असेन.”

चहा आला, आणि बोलणं लग्नाच्या फोटोंवर गेलं.

अमावास्येला आभाळ काळंभोर होतं. मयुरीला न्हाऊ घालून नवं लुगडं नेसवलं. चष्मा तिने कमरेला खोचला होता, पण तो काढायचा नाही असंच तिचं ठरलं होतं. तिने सोपी वाट शोधली होती. झरोक्यातून बघून बघून अरुंधती वसिष्ठाच्या कोणत्या अंगाला आहे ते पाठ झालं होतं. नळीला डोळा लावायचा, ‘दिसली’ म्हणायचं, सुटायचं. आईचाही गळा शाबूत.

महाराजांनी उदबत्ती घातली, काढली. विभूती चोळली. मयुरीने डोळा लावला.

पापण्यांना आज काहीच लागलं नाही. नुसता पितळेचा वास. आज काच नव्हती.

पलीकडे तिच्या कच्च्या नजरेला पुसट ठिपके दिसत होते, अरुंधती नव्हतीच. तिने ‘दि’ म्हणायला ओठ उघडले. शिष्याने शंख तोंडाला लावला. तेवढ्यात मागून हुंदका ऐकू आला. रांगेत पुढचा नंबर शेजारच्या तानुबाईंच्या नव्या सुनेचा होता. तानुबाई तिचं मनगट धरून उभ्या होत्या. मयुरीला स्वतःच्या मनगटावरच्या बांगड्या आठवल्या. आज आपण ‘दिसली’ म्हटलं की उद्या ही कोठीत जाणार. आणि आपण? आयुष्यभर बिनचष्म्याने उगाच हसत राहणार.

तिने नळीवरून डोळा काढला.

“महाराज, काच आज काढून ठेवली का?”

शंख फुंकायचा राहिला.

“कसली काच?”

“त्या दिवशी माझ्या पापण्या नळीतल्या काचेला लागल्या होत्या. आज लागल्या नाहीत.”

महाराज लोकांकडे बघून मोठ्याने हसले. “ऐका! पापण्यांना काच कळते म्हणे! तुला गं काय माहीत काच?”

हाच तो प्रश्न. ‘आई, माफ कर,’ असं मनात म्हणून तिने कमरेचा चष्मा काढला आणि सगळ्या गावादेखत नाकावर चढवला.

“आठवीपासून लावते. पावणेदोन नंबर आहे. आमच्याकडच्यांनी लपवला. चूक आमची आहे. पण मला अरुंधती दिसत नव्हती ती नंबरामुळे. आता दिसतेय. ती बघा.”

मैदानात एकच गलका झाला. बेबाबाई ताडकन पुढे आल्या. “चश्मा? फसवलं वो आमाले!”

महाराजांना तेवढाच आधार मिळाला. “बघा! खोट होतीच! आणि काचेतून पाहिलेलं दर्शन चालत नाही, माई. डोळा आणि तारा यांच्यामध्ये काच आली की सत्य बाटतं!”

“मग तुमच्या मुठीत काय आहे?” मयुरीने विचारलं. “विभूतीची मूठ तुम्ही उघडत का नाही?”

“पापिणी!” महाराज गरजले. लोकही तिच्यावर चिडले होते. गर्दीतून संघमित्रा वाट काढत पुढे येत होती, पण तिच्या आधी बेबाबाई पोचल्या. त्यांनी महाराजांसमोर पदर पसरला. त्यांची भक्ती अगदी खरी होती, आणि महाराजांचा घात तिनेच केला.

“महाराज, मुठीतली इभूत मले परसाद द्या. उघडा मूठ, अन् हिचं तोंड बंद करा!”

“माई, ताटातली घ्या.”

“ताटातली नको. मुठीतलीच द्या.”

“ती मंत्राची आहे, माई...”

“म्हणूनच मागते ना!” आणि बेबाबाईंनी भाबडेपणाने महाराजांची मूठ दोन्ही हातांनी धरली. ओढाताणीत मूठ सुटली. राख उडाली, आणि पूजेच्या ताटात टणकन काहीतरी पडलं.

पितांबरनानांनी ते उचलून टॉर्चच्या उजेडात धरलं. जाड गोल काच. कडेला मेणाचा वेढा.

संघमित्राने ती नळीच्या तोंडाला दाबली. अशी बसली, की जणू मापाने घडवलेली. तिने उदबत्ती नानांच्या हातात दिली. नानांनी ती दुसऱ्या बाजूने आत घातली.

टक्.

मग रांग लागली, पण आता उलटी. ज्यांना कधी दिसली नव्हती, ज्यांना सेवेनंतर दिसली होती, सगळ्या एकेक करून बघायला लागल्या. काच लावली की अरुंधती गायब. काच काढली की हजर. तानुबाईंच्या सुनेने तीनदा काच लावून-काढून पाहिली आणि शेवटी खुदकन हसली.

महाराज तोवर खुर्चीमागून निसटायच्या बेतात होते. पोरांनी धरलं तेव्हा त्यांची ती झोकदार भाषा पार गळून पडली आणि घरची अहिराणी बाहेर आली. “मी गरीब माणूस शे भाऊ, माले जाऊ द्या!” नानांनी पोलिसांना फोन लावला.

“ऐका,” संघमित्रा म्हणाली, “अरुंधती काही लाजरी बाई नाही. तो आपल्या सूर्याहून किती तरी तेजस्वी तारा आहे. फार लांब आहे म्हणून मिणमिणता दिसतो. नजर धड असेल, आभाळ स्वच्छ असेल, तर तो सतीलाही दिसतो आणि चोरालाही. नाही दिसला, तर डोळे तपासायचे. सुनेचे कशाला, सगळ्यांचेच. तारा दिसत नाही म्हणून माणूस कोंडायचा नसतो.”

बेबाबाई मटकन खाली बसल्या.

“माह्यं लगन भर दुपारी लागलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “वर मांडवाचं कापड दिसलं. मी म्हटलं, दिसली.”

“मला तर लग्नात कोणी विचारलंच नाही,” कुंदन म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, “मलाही दिसली नव्हती. अन् कडी काढायला हात माझेही होते.”

“होते,” मयुरी म्हणाली, आणि त्याला त्याहून जास्त काही बोलली नाही.

घरी आल्यावर बेबाबाईंनी कमरेचा फोन काढून तिच्यासमोर ठेवला. मयुरी त्या रात्री अंगणात झोपली, पण झोप कसली! माणसाची समजूत एका संध्याकाळी सुटत नाही. काच ताटात पडलेली तिने डोळ्यांनी पाहिली होती, तरी एक कान फोनकडेच होता. आईला लावायची हिंमत होत नव्हती.

सकाळी चूल पेटायच्या आत फोन वाजला. पडद्यावर आईचा नंबर. बोलणारी आई असेल, की आईच्या फोनवरून दुसरंच कोणी?

“अगं भवाने!” पलीकडून लताबाई कडाडल्या. “रात्रीच बातमी आली इथं. सगळ्या गावादेखत चष्मा घातलास? आता कोणाला तोंड दाखवू मी? शप्पथ घातली होती ना तुला? कार्टे, लाज आहे का?”

आवाज खणखणीत होता. गळा धडधाकट होता. चष्म्याआड मयुरीचे डोळे डबडबून गेले आणि ती हसायलाच लागली.

“हसतेस काय मेले?”

“बोल आई,” मयुरी म्हणाली, “अजून बोल. मी ऐकतेय.”